चकवा, शरभ आणि मांडूळ : एका नोंदवहीची प्रस्तावना

भूत आहे की नाही, हा वाद कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर रंगतो आणि अर्ध्या तासात विझतो. एक जण म्हणतो, सगळं थोतांड. दुसरा म्हणतो, तू एकदा अवसेला आमच्या मळ्यात मुक्कामाला ये, मग बोल. दोघंही आपापल्या जागी खूश. ज्याच्याबद्दल एवढं बोलणं झालं त्याची चौकशी मात्र कोणी करत नाही. ते राहतं कुठं, कुठल्या महिन्यात निघतं, पाहणारा चालत होता की सायकलवर, एकटा होता की सोबत कोणी होतं, आभाळात चंद्र होता का? एखाद्या अनोळखी पाखराबद्दल आपण हे सगळं विचारतो. मग हडळीनंच काय घोडं मारलं आहे?

ही नोंदवही त्या चौकशीसाठी आहे. पन्हाळ्यापासून खिद्रापूरपर्यंत आणि दाजीपूरच्या जंगलापासून शिराळ्यापर्यंत जे जे प्राणी अद्भुत म्हणून सांगितले जातात, ते इथं एकत्र केले आहेत. काही चालते-फिरते, काही दगडातले, काही तोंडातोंडी जगलेले. मांडूळ आणि मुंजा एकाच वहीत कशासाठी, असं कोणीही विचारील. त्याचं उत्तर देण्यापुरती ही प्रस्तावना.

नव्या पिढीला न्यूट स्कमँडर ठाऊक आहे. जे. के. रोलिंग यांनी २००१ साली हॅरी पॉटरच्या शाळेतलं पाठ्यपुस्तक असल्याचा आव आणून एक छोटी पुस्तिका लिहिली आणि लेखक म्हणून या कल्पित निसर्गअभ्यासकाचं नाव घातलं. तिला प्रस्तावनाही त्याच कल्पित शाळेच्या हेडमास्तरांची, डंबलडोर यांची. विक्रीचे पैसे कॉमिक रिलीफ या धर्मादाय संस्थेला गेले. पुढं २०१६ मध्ये चित्रपट आला आणि सुटकेसमध्ये अख्खं प्राणिसंग्रहालय घेऊन हिंडणारा तो लाजाळू माणूस घरोघरी पोचला. शिंगं, पंख आणि तोंडातून आग हे कोणीही रचू शकतो. रोलिंगबाईंची करामत त्या माणसाच्या शिस्तीत आहे. प्रत्येक प्राण्याला तो एक ते पाच फुल्या देतो. एक फुली म्हणजे कंटाळवाणा, पाच म्हणजे माणूस मारणारा, माणसाळवता न येणारा. प्राणी खातो काय, घाबरतो कशाला, पिल्लं कुठं वाढवतो, हे तो आधी पाहतो. शिवाय त्याची एक पक्की समजूत आहे : या प्राण्यांपासून माणसाला जेवढा धोका आहे, त्याहून अधिक माणसापासून त्यांना आहे. कल्पित असला तरी माणूस कामाचा आहे.

आपल्याकडं ही शिस्त नवी मुळीच नाही. कोल्हापूरचे शिलाहार ज्या कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ पुरा केला. त्यात हत्तींची लक्षणं आहेत, ससाण्यांची निगा आहे आणि गळ टाकून धरायच्या माशांचे प्रकार आहेत. नदीतला कुठला, समुद्रातला कुठला, कुठल्याला कसलं आमिष लावायचं, हे राजा स्वतः सांगतो. पुढं तेराव्या शतकात हंसदेव या जैन पंडितानं ‘मृगपक्षिशास्त्र’ रचलं. त्याची हकीकत मोठी आवडण्याजोगी आहे. शौडदेव नावाचा राजा शिकारीला निघाला, रानातले कळप आणि पाखरं पाहून त्याचं मन पालटलं आणि मारण्याऐवजी यांची माहिती लिहून काढा असा हुकूम त्यानं सोडला. हंसदेव सिंहाचेच सहा प्रकार पाडतो आणि प्रत्येकाचा बांधा, आयाळ, स्वभाव वेगळा सांगतो. आजचा प्राणिशास्त्रज्ञ ते मान्य करणार नाही. पण पशू-पक्ष्यांचा स्वभाव, माजाचा काळ, आयुष्य एकेक करून लिहीत जाणारा हा माणूस न्यूटच्या जातीचा आहे, आणि कल्पित नाही. हा ग्रंथ मराठीत आणला तो मारुती चितमपल्लींनी. वनखात्यात हयात घालवलेल्या, जून २०२५ मध्ये सोलापुरात निवर्तलेल्या या माणसानं पक्ष्यांची नावं, रानातल्या समजुती आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांना एकमेकांपासून तोडलं नाही. आदिवासी अमुक मानतात म्हणून ते खरं, असं त्यांनी म्हटलं नाही आणि मानतात म्हणून ते खोटं, असंही नाही. मानतात, एवढं आधी नीट लिहून घेतलं. या वहीचा रस्ता तोच आहे.

आता नमुन्यादाखल एक नोंद जरा सविस्तर पाहू.

चकवा. माणूस रात्री रोजच्या वाटेनं घराकडं निघतो. वाट पायाखालची, डोळे मिटून जाण्यासारखी. तासभर चालतो आणि पुन्हा त्याच बांधावर, त्याच बाभळीखाली येऊन उभा राहतो. परत निघतो, परत तिथंच. अंगाला घाम फुटतो. अखेर मटकन खाली बसतो आणि कोंबडा आरवल्यावर पाहतो तर वस्ती हाकेच्या अंतरावर. याला चकवा लागला म्हणतात. चकवा कसा दिसतो, यावर एकमत नाही. कोणी कंदील घेऊन पुढं चालणारा माणूस सांगतो, कोणी नुसतं पाखरू, कोणी म्हणतं त्याला रूपच नसतं. उतारे मात्र ठरलेले. पायताण उलटं घालायचं, अंगातला सदरा उलटा करायचा, काडी ओढून विडी पेटवायची, नाहीतर गप खाली बसायचं.

२००९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या यान सोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माणसांना जर्मनीतल्या एका सपाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात नेऊन सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. अंगावर जीपीएस. ज्यांना सूर्य दिसत होता ते बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी जंगलात चालणारे गोल गोल फिरले, आपलीच वाट ओलांडली आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र होता तोवर सरळ गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर त्याच्या वाटेला वळणं पडत गेली आणि तो आल्या दिशेला फिरला. डोळे बांधून चालवलेल्यांनी तर कधी कधी वीसेक मीटर व्यासाचं रिंगण घातलं. एक पाय लांब आणि एक आखूड असल्यामुळं असं होतं हा जुना समज या प्रयोगात टिकला नाही. सरळ म्हणजे कुणीकडं, याचा शरीराचा अंदाज पावलागणिक इवलासा चुकत जातो आणि बाहेरची खूण नसेल तर चुका साठत जातात, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

आता हा निष्कर्ष घेऊन आपल्या बांधावर या. चकवा अवसेच्या बाजूला लागतो, हे सगळेच सांगतात. म्हणजे चंद्र नाही. धुक्यात लागतो. म्हणजे चांदण्या नाहीत. आणि आपल्या भागात एक गोष्ट जर्मनांकडं नव्हती ती आहे : ऊस. पंचगंगा-वारणेच्या काळ्या रानात दसरा-दिवाळीच्या सुमाराला दोन पुरुष उंचीचा ऊस उभा असतो. पाणंदीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना भिंत. गावाचा दिवा दिसत नाही, देवळाचा कळस दिसत नाही, वरती पट्टीएवढं आभाळ. एका फडातून दुसऱ्यात शिरलं की वळण कुठं चुकलं हे सांगणारं काहीच उरत नाही. चकव्याचा अधिवास शोधायचा तर हाच.

मला जास्त नवल उताऱ्यांचं वाटतं. पायताण उलटं घालायला थांबावं लागतं, खाली बसावं लागतं. सदरा उलटा करायला डोक्यावरून काढावा लागतो, तेवढ्यात श्वास जागेवर येतो. काडी पेटवली की निदान हातभर जागा दिसते. आणि उजाडेपर्यंत बसून राहणं हा तर सोमानसाहेबांनीही दिला असता असा सल्ला आहे. विहिरींना कठडे नसलेल्या मुलखात रात्री वाट चुकलेल्याला बसवून ठेवणारी समजूत कोणाच्या तरी अनुभवातूनच आली असणार. एवढं झालं म्हणजे चकवा संपला का? माझ्या मते त्याची नोंद आत्ता कुठं पुरी झाली.

सगळ्या नोंदी इतक्या उकलत नाहीत. दगडातल्या प्राण्यांचं काम निराळंच आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वराला गेलात तर देवळाच्या पायाशी रांगेनं उभे असलेले हत्ती बघा. ते घडवणाऱ्यानं हत्ती पाहिलेला होता. गुडघ्याचा वाक, सोंडेची वळी, पाठीवरचं ओझं पेलण्याची ऐट, सगळं जागच्या जागी. त्याच परंपरेतला कारागीर मकर घडवताना मगरीच्या जबड्यावर हत्तीची सोंड बसवतो आणि शेपटीच्या जागी पानाफुलांची नक्षी काढतो. मगर माहीत नव्हती म्हणून असं झालं, हे म्हणायची सोय नाही. देवळाला वळसा घालून जाणाऱ्या कृष्णेत मगरी आजही आहेत, शिरोळ-सांगलीकडच्या गावांना त्यांचा पक्का अनुभव आहे. ठाऊक असलेली मगर बाजूला ठेवून त्यानं मकर घडवला, कारण त्याला वरुणाचं वाहन पाहिजे होतं. कीर्तिमुखाचं तसंच. शंकराच्या आज्ञेनं स्वतःचं सगळं अंग खाऊन फक्त तोंड उरलेला हा प्राणी उंबऱ्यावर आणि कमानीवर बसवतात. त्याला पचनसंस्था कुठली, असं विचारणाऱ्यानं देवळात न गेलेलं बरं.

शरभाची गोष्ट तर उघड उघड चढाओढीची. नरसिंहाचा राग आवरेना म्हणून शिवानं सिंहाहून बलाढ्य असं शरभाचं रूप घेतलं, असं शैव सांगतात. त्यावर वैष्णवांनी विष्णूला दोन डोक्यांच्या गंडभेरुंड पक्ष्याचं रूप दिलं आणि शरभावर मात केली. पुराणातला शरभ आठ पायांचा. आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर आला तेव्हा त्याचे चार पाय गेले आणि पंजात हत्ती आले. जंजिऱ्याच्या दारावर तो पायांत आणि शेपटीत हत्ती धरून बसला आहे, कोणाला तो वाघ वाटतो, कोणाला शरभ. भक्तीतून निघालेला प्राणी राजकारणात नोकरीला लागला. गंडभेरुंड कर्नाटकात रमला. बळ्ळिगावीला १०४७ साली त्याचा खांब उभारला गेला, म्हैसूरच्या वडियारांनी त्याला आपलं चिन्ह केलं, आणि आज कागल ओलांडून निपाणीकडं निघालं की कर्नाटक सरकारच्या राजमुद्रेवर तोच भेटतो. जगात कुठंही न जन्मलेल्या पक्ष्याला सरकारी नोकरी, आणि तीही कायम.

आता उलट बाजूचा एक प्राणी. तो खरा होता आणि गोष्टीत गेला.

कोल्हापूर दरबारात चित्ते होते. त्यांच्या डोळ्यांवर टोपडं चढवायचं, गाडीतून माळावर न्यायचं आणि काळविटांचा कळप दिसला की टोपडं काढून सोडायचं, ही शिकारीची रीत. काळवीट धरल्यावर चित्तेवान पुढं होऊन त्याला त्याचा वाटा देई आणि पुन्हा टोपडं चढवी. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले. दिव्यभानूसिंह यांनी १९९५ साली भारतातल्या चित्त्याचा जो इतिहास लिहिला, त्यात हे सगळं येतं. चित्ता माणसाळतो लवकर, पण पिंजऱ्यात सहजासहजी वीण धरत नाही. मोगलांनी एवढे चित्ते पाळले, तरी कैदेत पिल्लं झाल्याची एकच नोंद जहांगीर करतो. म्हणजे शिकारखान्यातला प्रत्येक चित्ता रानातून उचललेला. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या राजानं तीन चित्ते मारले, तेच देशातले शेवटचे मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता संपल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात आले, तोवर इथल्या तीन पिढ्यांनी तो गोष्टीतच ऐकला होता. खाटेवर कुत्र्यासारखा बसणारा, माणसाच्या हातचं खाणारा वाघ होता म्हणे आमच्याकडं, असं सांगणारा आजा आणि हडळीची गोष्ट सांगणारी आजी, नातवाच्या दृष्टीनं दोघांची पत सारखीच. मुंज्याच्या शेजारी चित्ता याच कारणानं आला आहे.

घोरपडीची नोंद या मुलखाच्या इतिहासात रुतलेली आहे. घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की बहमनी काळात त्यांच्या पूर्वजानं खेळणा किल्ल्याच्या कड्यावर घोरपडीच्या कमरेला दोर बांधून चढाई केली आणि सुलतानानं त्यावरून किताब दिला. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. सेनापती कापशीला संताजींचं घराणं, इचलकरंजीला संस्थान, त्यामुळं ही कथा आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ. तानाजीच्या यशवंती घोरपडीची त्यात भर.

प्राण्याच्या बाजूनं चौकशी केली तर काय निघतं? घोरपडीच्या नख्या जबर असतात. कपारीत शिरली की ती अंग फुगवते आणि खडकात अशी घट्ट बसते की शेपूट ओढणारा दमतो. रानात हिंडणाऱ्याला हे माहीत असतं आणि कथेचं बी इथंच असावं. पण पाच-सहा किलोचा जीव वर फेकल्यावर तो नेमका कपारीतच शिरेल, फुगून बसेल आणि हत्यारबंद गड्याचं वजन येईपर्यंत हलणार नाही, हे मानायला मन तयार होत नाही. मला वाटतं, दोर वर नेला तो कोणा माणसानंच. घोरपडीचा चिवटपणा त्याला बक्षीस मिळाला.

इथवर सगळं निर्धास्त आहे. पण याच प्राण्याची आणखी एक जादू बाजारात विकली जाते. हत्थाजोडी नावाची एक वस्तू असते. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी, शेंदूर लावून लाल कपड्यात ठेवलेली. विंध्याच्या रानातली दुर्मिळ मुळी आहे, तिजोरीत ठेवा, बरकत येईल, असं सांगून ती विकतात. २०१७ मध्ये प्राणिसंरक्षणाचं काम करणाऱ्यांनी तिची तपासणी केली तेव्हा तिच्यात मुळीबिळी काही नव्हतं. ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं होती. काही नमुने तर प्लॅस्टिकचे साचे निघाले. ते बघून बरं वाटलं. निदान तेवढ्या घोरपडी वाचल्या.

मांडुळाचं दुखणं याहून मोठं. हा बिनविषारी, सुस्त, भुसभुशीत मातीत राहणारा साप. उंदीर आवळून खातो, अंडी न घालता पिल्लं देतो. शेपूट बोथट असल्यामुळं दोन्ही टोकं सारखी दिसतात. कोणी डिवचलं की तो डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट उचलून दाखवतो. घाव बसलाच तर शेपटीवर बसावा, अशी त्याची युक्ती. कोल्हं-कुत्रं तिला फसत असेल. माणूस फसला तो असा की त्यानं त्याला दुतोंड्या ठरवलं, सहा महिने या तोंडानं चालतो आणि सहा महिने त्या तोंडानं. पुढं त्यात गुप्तधन आलं, पैशाचा पाऊस आला आणि वजनावर लाखांचे भाव आले. गारगोटीपासून जतपर्यंत कुठंही, मांडूळ विकायला निघालेली टोळी पकडली ही बातमी वाचकाला नवी नाही. वीस नखांचं कासव त्याच रांगेत. खवल्या मांजरही तिथंच. त्याचं खवलं म्हणजे आपल्या नखाचाच पदार्थ, केराटिन. स्वतःची नखं कापून औषध म्हणून खाणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण खवल्यांसाठी हा मुंग्या-वाळवी खाणारा गरीब प्राणी जगात सर्वाधिक तस्करी होणाऱ्या सस्तन प्राण्यांत गणला जातो.

न्यूटच्या जगात अद्भुत प्राण्यांना माणसापासून वाचवावं लागतं. आपल्याकडं हडळ, गिऱ्हा, खवीस, शरभ सगळे सुखरूप आहेत. कोणी त्यांना गोणत्यात घालून नेत नाही. जीव जातो तो ज्या खऱ्या प्राण्याला अद्भुत चिकटलं त्याचा. म्हणूनच ही वही दोघांना शेजारी बसवते. मुंज्यावर विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पिंपळाचं काही बिघडत नाही. मांडुळाबद्दलचा विश्वास मात्र मांडुळालाच भोवतो.

सापांच्या नोंदी साहजिकच सर्वांत लांब झाल्या आहेत. नागमणी, डूख धरणारी नागीण, गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिणारी धामण, सगळी मंडळी हजर आहेत. दूध हे सापाचं अन्न नव्हे. तहानलेला ठेवलेला साप पुढ्यात येईल ते ओलं पितो, एवढंच. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीची नोंद लिहिताना आम्ही पुष्कळ थबकलो. तिथल्या माणसांचं नागाशी असलेलं नातं खोटं नाही आणि न्यायालयानं जिवंत नाग पकडण्यावर आणलेले निर्बंधही अकारण नाहीत. दोन्ही बाजू जशा ऐकल्या तशा दिल्या आहेत. एका बाबतीत मात्र दोन्ही बाजू दिलेल्या नाहीत. साप चावलेल्याला मांत्रिकाकडं नेण्याच्या ज्या ज्या रीती सांगितल्या गेल्या, त्यांच्या खाली प्रत्येक ठिकाणी जाड अक्षरात दवाखान्यात न्या असं छापलं आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं दवाखाना अडवून मंत्र घालणं हा गुन्हा ठरवला आहे, हेही तिथंच आहे.

राहता राहिली वापराची सूचना. प्रत्येक नोंदीत आधी सांगणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच बोलीत आहे, मग हंगाम, वेळ, जागा, मग जुळणारं प्राणिशास्त्र किंवा शिल्पशास्त्र, आणि कुठं काहीच जुळलं नसेल तर तेवढी जागा कोरी सोडली आहे. न्यूटसारख्या फुल्याही आम्ही दिल्या आहेत, पण उलट्या अर्थानं : माणसापासून त्या प्राण्याला किती धोका, याच्या. हडळीला एकही फुली नाही, खवल्या मांजराला पाच. त्याच हिशेबानं मांडूळ, घोरपड, कासव आणि खवल्या मांजर यांच्या नोंदींतून गावांची, ओढ्यांची आणि माळांची नावं काढून टाकली आहेत. हडळीच्या नोंदींत ती सगळी ठेवली आहेत, गावासकट, विहिरीसकट आणि चिंचेच्या झाडासकट.